आईच्या गुडघ्याला दहापैकी दोन

तीर्थस्वरूप दादाच्या चरणी (एक ब्रेकवर असेल, दुसरा मोकळा असेल त्याच्या),

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. पदवी हातात आल्यापासून घरात मला कुणी वाकू देत नाही, जणू वाकले की अक्षरं सांडतील. पण पत्रात वाकायला कुणाची हरकत नसावी. इकडे सगळे बरे आहेत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण विचारलं तर तू 'मजेत' याच्यापुढे जात नाहीस. तुझी पाठ कशी आहे? दहा दहा तास ट्रक चालवून कंबर धरते असं मागे म्हणाला होतास. दर दोन तासांनी गाडी बाजूला घ्यायची, खाली उतरायचं, चार पावलं चालायचं आणि पाठ मागे ताणायची. हसू नकोस, हे मी व्याख्यानात ऐकलं आहे. (व्याख्यानाचं पुढे येईलच, ते टळत नाही.) पत्र कशाला, फोन नाही का, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर मी मुद्द्यावर आले की तुझ्या मागून हॉर्न वाजतो आणि तू 'हो हो, बघू' म्हणतोस. शिवाय आपल्या दोन खोल्यांत आई कुठेही उभी असली तरी फोनपासून हातभर अंतरावरच असते, आणि मला जे सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच आहे.

तर आईचे गुडघे. तुला ठाऊक आहे, बावीस वर्षं ती शर्टाच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलाशी उभी आहे. उभीच, कारण बसलं की शर्टाची पाठ नीट दिसत नाही असं मालकांचं मत आहे. (मालक स्वतः काचेच्या खोलीत बसून असतात, आणि त्यांना सगळं दिसतं.) या महिन्याअखेरीस काज-बटणाच्या मशीनवरच्या बाई निवृत्त होताहेत. अख्ख्या कारखान्यात पाठीची खुर्ची असलेली कामगाराची तेवढी एकच जागा. सुपरवायझर बाईंनी तीन-चार महिन्यांपूर्वीच आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, कामगार दवाखान्याच्या डॉक्टरांचा दाखला आण, उभ्याचं काम झेपत नाही असा, म्हणजे ती जागा तुला देते. दाखला नाही आला तर आईचं टेबल पहिल्या तारखेपासून तिसऱ्या मजल्यावर जाणार आहे. लिफ्ट आहे, पण ती मालासाठी. म्हणजे शर्ट लिफ्टने वर जातील आणि त्यांना तपासणारी जिन्याने. आणि तिला तिसरा मजला जमला नाही तर जिना थेट कारखान्याच्या बाहेर उतरतो, हेही बाईंनी प्रेमाने सांगितलं.

इथे मी मध्ये पडले. पडणारच. घरातली पहिली पदवीधर, तीही संख्याशास्त्राची. बाबांनी पदवी काच लावून दिनदर्शिकेच्या खिळ्याला टांगली, तेव्हापासून या घरात तारीख कुणालाच माहीत नसते, पण शिक्षण झालंय हे येणाऱ्याजाणाऱ्याला माहीत असतं. आता त्या शिक्षणाचा घराला काही उपयोग व्हायला नको का? नगरपालिकेच्या सभागृहात 'सांधेदुखी: समजून घ्या, सांभाळा' असं फुकट व्याख्यान होतं. आईला सुट्टी मिळेना, म्हणून मी गेले, वही घेऊन. व्याख्यान देणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी प्लास्टिकचा गुडघा आणला होता. तो उघडून दाखवताना त्याची वाटी निसटली आणि घरंगळत तिसऱ्या रांगेखाली गेली. सभागृहात साठ माणसं, आणि ती उचलायला एकालाही वाकता येईना. सगळे खुर्चीवरून एकमेकांकडे पाहत राहिले, शेवटी मीच रांगत जाऊन आणली. टाळ्या पडल्या. दादा, खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की आपल्या हातून समाजाचं काहीतरी होणार.

वहीभर टिपून आणलं. सांधा दुखतो म्हणून त्याला गादीवर निजवून ठेवलं तर तो आणखी आखडतो. गुडघ्याचं ओझं मांडीच्या स्नायूंनी उचलायचं असतं, म्हणून आधी मांडी मजबूत करायची. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नाही, दुसऱ्या हातात धरायची. शेक घ्यावा, गोळी उपाशीपोटी घेऊ नये, स्वतःच्या मनाने तर मुळीच घेऊ नये. आणि शेवटचं, ज्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या: एक्सरेत सांधा किती झिजलाय यावरून तो किती दुखतो ते कळत नाही, माणूस काय सांगतो ते ऐका. रोज शून्य ते दहा यांतला एक आकडा लिहा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आकडा, आणि तोही माणसाने स्वतः सांगितलेला. मला आकाश ठेंगणं झालं.

घरी आल्यावर मी रीतसर कार्यक्रम आखला. सकाळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं. आई डझनावर मोजते, तिला बाराच्या आत थांबता येत नाही. बाबांना वाटलं, आपणही करावं, आयतं शिकवणारी घरात आहे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पोटरीत असा गोळा आला की आई स्वतःचा टॉवेल सोडून अर्धा तास त्यांचा पाय चोळत बसली, जमिनीवर, उकिडवी. गुडघ्यांना जे करायला व्याख्यानात हात जोडून मनाई होती तेच. काठी आणली तर आई म्हणाली, काठी घेऊन मी कारखान्यात गेले तर मला खुर्ची नाही देणार, दार दाखवतील. मग मध्यममार्ग म्हणून छत्री. पाऊस नसताना छत्री, तीही चुकीच्या हातात, कारण बरोबर हातात पिशवी. हे मी तिला आठवडाभर समजावलं. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ती छत्री दोन दिवसांसाठी मागून नेली, आणि ते दोन दिवस अजून संपायचे आहेत.

आता तू पार्सलने पाठवलेलं ते मालिशचं मशीन. रागावू नकोस, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते गुडघ्याला बांधून चालू केलं की फळीवरचे डबे नाचतात. पहिल्या दिवशी काकू वर आल्या, पिठाची गिरणी घातली का म्हणाल्या. (छत्री आणली नव्हती.) आईने ते दोनदा लावलं आणि म्हणाली, आधी फक्त गुडघा दुखत होता, आता दातही दुखतात. सध्या बाबा ते पायाखाली घेऊन बातम्या ऐकतात. त्यांना बसमध्ये बसल्यासारखं वाटतं आणि बरं वाटतं. आणि तू पाठवतोस ते व्हिडिओ. एकात माणूस सांगतो टोमॅटो बंद करा, दुसऱ्यात तोच माणूस, शर्ट बदलून, फक्त टोमॅटो खा म्हणतो. तिसऱ्यात रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलंय. दादा, आई दिवसाला अकरा तास उभी असते, तिने पाच किलोमीटर कधी चालायचे, झोपेत? दुरून बटण दाबून काळजी पाठवणं सोपं असतं. ती इथे पोचल्यावर चार्ज कुणीतरी करावी लागते, आणि ते कुणीतरी मी आहे.

वहीकडे येते. बारा आठवडे आईने ती एक दिवस चुकवली नाही. कामावरून आली, पाय धुतले, की पेन्सिल घ्यायची आणि तारखेसमोर दोन्ही गुडघ्यांचे आकडे घालायचे. दोन. दोन. एक. दोन. दोन. एकदा तीन होता, त्या दिवशी ती जिन्यात पडली होती. मी चौकटीच्या कागदावर आलेख काढला, उजवा गुडघा निळा, डावा हिरवा. सरासरी एक पूर्णांक आठ. रेषा किंचित उतरती. मी ती बाबांना दाखवली, काकूंना दाखवली, कॉलेजातल्या सरांना पाठवली. माझ्या व्यायामांनी आई बरी होत होती, आणि पुरावा माझ्याकडे होता. मला दिसत नव्हतं असं नाही. ओट्याशी ती एका पायावर उभी असायची, दुसरा नुसता टेकवून. खुर्चीतून उठताना आधी टेबलाकडे बघायची, मग दाराकडे, मग उठायची, जसं कुणी रस्ता ओलांडतं. पण आकडा दोन होता, आणि आकड्यावर विश्वास ठेवायला मी तीन वर्षं शिकले आहे.

दवाखान्यात आम्ही दोघी वही घेऊन गेलो. मीच नेली. आईला ती न्यायची नव्हती, मी म्हटलं, अगं पुरावा लागतो. डॉक्टर भले गृहस्थ निघाले, ते वाईट असते तर मला पत्रात निदान शिव्या देता आल्या असत्या. त्यांनी एक्सरे उजेडावर धरला, झीज बरीच आहे म्हणाले, पण एक्सरेवर मी जात नाही, माणूस काय सांगतो त्यावर जातो. मी मान डोलावली. आपल्याच व्याख्यानाचा माणूस भेटला. मग त्यांनी वही उघडली. पानं उलटत गेले आणि चेहरा उजळत गेला. इतकी व्यवस्थित नोंद त्यांनी बावीस वर्षांत पाहिली नव्हती (बावीस वर्षं सगळ्यांचीच होतात, कुणी बसून करतं). त्यांनी आईला विचारलं, हे आकडे बरोबर आहेत ना, बाई? आईने माझ्याकडे पाहिलं, आलेखाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वहीत आहे ते बरोबरच असणार. मुलगी पदवीधर आहे."

डॉक्टरांनी लिहून दिलं: त्रास सौम्य, सरासरी एक पूर्णांक आठ, सुधारणा चालू, उभ्याचं काम करण्यास हरकत नाही. माझा पूर्णांकापुढचा आठसुद्धा त्यांनी सोडला नाही. वर आलेखाची एक प्रत ठेवून घेतली, बाकीच्या पेशंटांना दाखवायला. आई बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, चला, निदान तुझं अक्षर आवडलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले, सुपरवायझर बाईंच्या पाया पडायला. (पदवीधराला वाकू देत नाहीत असं वर लिहिलं, ते घरापुरतं.) त्या जेवायला गेल्या होत्या, म्हणून मी आईच्या टेबलाशी थांबले. दादा, मी शिकत होते ती सगळी वर्षं आई काय करत होती ते मी पहिल्यांदा पाहिलं. शर्ट समोर येतो, ती उलटते, पालटते, खोट शोधते, आणि चिठ्ठीवर शून्य ते दहा आकडा घालते. शून्य म्हणजे निर्दोष. चार किंवा वर गेला तर पीस अल्टरला परत जातो; म्हणजे जिने शिवला तिने सुट्टी झाल्यावर थांबून उसवून पुन्हा शिवायचा, आणि तिचा नंबर फळ्यावर लागतो. एक शर्ट आला, कॉलर एका बाजूला पळालेली. आईने ती ओढून, दाबून जागेवर आणली. दोन. पुढच्याचं बटण लोंबत होतं. तिने स्वतःच्या कॉलरखालची सुई काढली, चार टाके घातले, धागा दाताने तोडला. दोन. शेजारच्या मशीनवरची बाई मला म्हणाली, "तुझ्या आईचा हात तीनच्या पुढे जातच नाही ग. बावीस वर्षांत कुणाला चार दिला नाही. आम्ही तिला दोनवाल्या बाई म्हणतो."

मी तिथेच, शर्टांच्या ढिगाशी, आईला विचारलं, वहीत पण तू असंच लिहीत होतीस का. तिला माझा प्रश्नच कळला नाही. मग काय चार लिहू, म्हणाली. चार लिहिलं की परत पाठवतात. मी म्हटलं, आई, गुडघ्याला कोण परत पाठवणार आहे? तर म्हणे, "तसं नाही. चार म्हणजे ते काम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जातं. दोन म्हणजे माझं मी बघते." आणि पुढचा शर्ट ओढला.

मी तीन वर्षं शिकले की आकडा गोळा करण्याआधी, तो देणारा माणूस मोजपट्टी कशी धरतो ते विचारावं. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.

असो. इथे सगळं ठीक चाललं आहे, तू जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. यायची गरज नाही, काही पाठवायची तर अजिबात नाही, विशेषतः पार्सल. बाबांचा आशीर्वाद आणि आईचं नेहमीचं, वेळेवर जेव. मला एका शिकवणीच्या वर्गात काम मिळालं आहे, तिथल्या मुलांना मी सरासरी शिकवते. दुसरं काही शिकवायचा धीर होत नाही.

तुझी धाकटी

ता. क. डॉक्टरांकडे मी पुन्हा एकटीच जाऊन आले. त्यांना दोनचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, बाई, बारा आठवड्यांची वही एका दिवसात खोटी ठरवता, उद्या नवी आणाल तर ती मी खरी कशी मानू? पण माणूस भला आहे, म्हटलं ना. पहिली तारीख यायच्या आत, याच महिन्याच्या पंचवीस तारखेला फेरतपासणी ठेवली आहे. म्हणाले, घरातल्या दुसऱ्या कुणाचं लेखी म्हणणं आणा, त्यांनी स्वतः काय पाहिलं, काय ऐकलं, आकडे नकोत. बाबांना विचारलं. ते म्हणाले, ती तर कधी काही बोलतच नाही, कुठे सही करू?

ता. क. २. हे पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं, मी चार पानं टाळलं. दर रविवारी तुझा फोन आला की आई तो घेऊन जिन्यावर जाते, घरात आवाज तुटतो म्हणते. मागच्या रविवारी मी वर गच्चीत कपडे वाळत घालत होते. तिथून सगळं ऐकू येतं. तिने तुला सांगितलं की सकाळचं पहिलं पाऊल भिंत धरून टाकते. सांगितलं की मी अंघोळीला गेले की ती कामाला निघते, कारण जिना ती बसून उतरते, एक एक पायरी, मागे हात टेकून, आणि ते मला दिसायला नको. सांगितलं की कधी कधी चेकिंगच्या टेबलाशी रडू येतं, तेव्हा ती शर्ट उजेडाला धरून बघते, म्हणजे तोंड झाकलं जातं. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, तू नुसतं ऐक रे, काही करू नकोस. म्हणजे ते मशीन, ते टोमॅटो, ते सगळं तू, काही न करता नुसतं बसवेना म्हणून पाठवत होतास. वर जे लिहिलं ते खोडत नाही, पान खराब दिसेल. पण ते मी लिहिलंच नाही असं समज.

रात्रभर... नाही, ते सोडते. मी तिला दुसऱ्या दिवशी आडून विचारलं, दादाला एवढं काय सांगत असतेस. म्हणाली, काही नाही ग. त्याच्याशी बोलायला बरं वाटतं. तो लिहून घेत नाही.

ता. क. ३. आता विनंती. ती जे सांगते ते लिहून काढ. कोणत्या रविवारी काय म्हणाली, आठवेल तसं, तिच्याच शब्दांत, खाली तुझी सही. वीस तारखेच्या आत पोचायला हवं. डॉक्टर ते तिच्यासमोर वाचतील, म्हणजे तिला कळणार, आणि त्यानंतर रविवारी ती तुलाही 'बरी आहे' एवढंच सांगेल. हे मला माहीत आहे, आणि हे माहीत असून मी मागते आहे. तुझं मागचं पत्र मी लाल पेनने दुरुस्त करून तुला परत पाठवलं होतं. तेव्हा कॉलेजचं पहिलं वर्ष होतं, मला वाटलं तुला मदत होईल. त्यानंतर तू पत्र लिहिलं नाहीस, ते का, हे मला तेव्हाही कळलं होतं. या वेळी एका वेलांटीलाही हात लावणार नाही. ट्रकच्या बॉनेटवर ठेवून लिही, पावतीच्या मागे लिही, कसंही लिही.